चालू वस्तू दाखवा

"तुमच्या सर्चमध्ये माझं दुकान दिसत नाही. मी जिवंत आहे आणि दुकानही उघडं आहे. कृपया दोन्हीची नोंद घ्यावी."

सुलभाताईंचा हा चौथा मेल. पहिल्या तिन्ही मेलना आमच्या सपोर्टने एकच तयार उत्तर पाठवलं होतं: अॅप अपडेट करा, फोन बंद करून पुन्हा चालू करा. चौथा मेल माझ्याकडे ढकलला गेला. कारण त्यात 'सर्च' हा शब्द होता आणि मेल मराठीत होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या मजल्यावर ते काम फिरून फिरून शीतल परबच्या टेबलावर येतं. शीतल परब म्हणजे मी.

माझी पोस्ट सर्च क्वालिटी अॅनालिस्टची. तुम्ही काही शोधलंत आणि जे सापडायला हवं होतं ते सापडलं नाही, तर का सापडलं नाही हे शोधणं माझं काम. ऑफिस अंधेरी पूर्वेला, सातव्या मजल्यावर. पॅन्ट्रीच्या खिडकीतून साकीनाक्याच्या गाळ्यांचे पत्रे दिसतात. त्यातल्या एका पत्र्याखाली माझे बाबा सत्तावीस वर्षं मोटर रिवाइंडिंग करतात. जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार काढायची, नवी भरायची आणि मोटर परत फिरती करायची, हे त्यांचं काम. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली पहिली मी. हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगते. इथेही सांगितलं.

आता आमची कंपनी काय करते ते. आम्ही एक गेम चालवतो, पण त्यात मारामारी नाही. मोबाइलमध्ये एक गाव आहे. ऑफिसात आम्ही त्याला 'दुनिया' म्हणतो. तुम्ही तिथे तुमची एक बाहुली तयार करता, तिला घर घेता, घर सजवता, गल्लीत फिरता, शेजाऱ्यांशी गप्पा मारता. तिथल्या वस्तू बनवणाऱ्यांना आम्ही मेकर म्हणतो. एखादा मेकर आकाशकंदील डिझाइन करतो आणि सांगतो, असे पन्नासच विकणार. पन्नास संपले की संपले. नंतर कुणाला तो हवा असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचा. अशा पुन्हा विकायला आलेल्या वस्तूला आम्ही रिसेल म्हणतो.

सुलभाताईंचं दुकान रिसेलचं. फक्त आकाशकंदील.

मी सर्चमध्ये 'कंदील' टाकलं. पानामागून पानं आली, पण सुलभाताईंचं दुकान कुठेच नाही. मग त्यांच्या दुकानाचं नाव टाकलं. 'काहीही सापडलं नाही.' स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटं बटण होतं, ते दाबलं की फिल्टर उघडत होता, त्यात खाली खाली गेलं की तिसऱ्या भागात एक स्विच होता. तो बंद होता. तो मी सुरू केल्यावर बाईंचं दुकान दिसायला लागलं.

म्हणजे दुकान होतं. पण ते बघायला तीन दारं उघडावी लागत होती, आणि दारं आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं.

याला डिफॉल्ट म्हणतात. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर जे आपोआप मिळतं ते. टपरीवर नुसतं "एक चहा" म्हटलं की साखरेचा येतो. बिनसाखरेचा हवा असेल तर तोंड उघडून सांगावं लागतं. साखर हा त्या टपरीचा डिफॉल्ट. त्यात अन्याय काही नाही, कारण बिनसाखरेचा चहा मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे ते ठाऊक नव्हतं.

मी उठून निशांतकडे गेले. निशांत माझा मॅनेजर, वयाने माझ्याएवढाच, हुशार, आणि प्रत्येक गोष्टीला "डेटा काय म्हणतो?" विचारणारा. त्याला विचारलं, रिसेल बंद कुणी केलं? तो म्हणाला, लोकांनीच. मागच्या अपडेटआधी टेस्ट घेतली होती. सर्चच्या वरच रिसेलचा स्विच ठेवला होता, सुरू करून. बहुतेक लोकांनी तो बंद केला. लोकांना रिसेल नको असेल तर आपण का दाखवायचं? म्हणून अपडेटमध्ये तो सगळ्यांसाठीच बंद केला आणि आत टाकला. वर मेकर लोकांचीही तक्रार होतीच, की साठेबाज रिसेलवाले त्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. मेकरचं काम बघणाऱ्या कामत मॅडम खूश झाल्या. सगळे खूश.

"सगळे नाही," मी म्हटलं. "मुलुंडच्या एक बाई जिवंत असल्याचं लेखी कळवतायत."

तो हसला आणि म्हणाला की एका बाईसाठी डिफॉल्ट बदलत नसतात. तेही खरंच होतं. म्हणून मी टेस्टचा डेटा मागितला.

आमच्याकडे कोणी काय दाबलं आणि कधी दाबलं, याची नोंद असते. मी दुपारभर तेच बघत बसले. लोकांनी स्विच बंद केला होता, यात शंका नाही. पण कधी? सर्च उघडल्यावर दोन-तीन सेकंदांत. खाली एकही कंदील न बघता. मला हे खटकलं. दुकानात शिरून चार साड्या बघितल्या आणि नाक मुरडून बाहेर पडलात, तर साड्या आवडल्या नाहीत असं म्हणता येईल. पायरीवरूनच परत फिरलात तर कारण साडी नाही. कारण पाटी आहे.

आणखी एक गोष्ट दिसली. सणाच्या गडबडीत टेस्ट फक्त मराठी स्क्रीनवर घेतली होती. त्या दिवसांत कंदील सगळ्यात जास्त मराठी मंडळीच शोधतात म्हणून. आणि तिचा निकाल मात्र सगळ्या भाषांना लावला होता.

शनिवारी सुट्टी होती. मी सुलभाताईंना फोन करून मुलुंडला गेले. ऑफिसात यासाठी शब्द आहे, 'युजर व्हिजिट', आणि त्याचा फॉर्मही आहे. मी फॉर्म भरला नाही.

मुलुंड पूर्व, दुसरा मजला, लिफ्ट नाही. भाचीने दार उघडलं आणि ती बाजारात गेली. सुलभाताई खिडकीपाशी खुर्चीत, शेजारी वॉकर. महापालिकेच्या शाळेत कार्यानुभव शिकवायच्या. म्हणजे कागदकाम, शिवणकाम, मातीकाम. हजारो पोरांना कंदील करायला शिकवलं असेल. रिटायर झाल्या आणि पुढच्याच वर्षी बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिने बंद झाले ते झालेच. भाचीने वेळ जायला म्हणून गेम टाकून दिला. बाईंनी त्यात दुकान काढलं.

मला त्यांनी आधी दुकान दाखवलं. त्यांची बाहुली चष्मा लावते आणि पदर खोचते. प्रत्येक कंदिलाखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. कुणी बनवला, कुणाच्या गॅलरीत लागला होता, तिथून इथे कसा आला. एक 'चांदणी' नावाचा कंदील होता, आठ कोनांचा. फिरला की त्याचे कवडसे अख्ख्या गल्लीत फिरायचे. तो बनवणारा मेकर गेम सोडून गेला होता. त्याचे विकायला उरलेले तीन कंदील फक्त बाईंकडे.

"संध्याकाळी इथे पंधरा-वीस जणं असायची," त्या म्हणाल्या. "घेणारे दोन, बाकी गप्पा मारणारे. माझे जुने विद्यार्थीही यायचे. त्यांना वाटायचं बाईंना आपण ओळखू येत नाही. अगं, स्पेलिंगच्या चुकांवरून ओळखते मी."

आता दुकान रिकामं होतं. दुनियेत कुठल्याही दुकानाचा रस्ता सर्चमधूनच जातो. सर्चमध्ये नाही म्हणजे नकाशावरही नाही. आणि आमचा एक नियम आहे: सलग तीस दिवस एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर गल्लीतली जागा जाते. दुसऱ्याला मिळते. माल खात्यात राहतो, पण दुकान, पाटी, शेजार, सगळं जातं. बाईंचा तो बारावा दिवस होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी रोज एक फुली मारली होती.

मी म्हटलं, स्टाफच्या खात्यावरून मी आले तर ते धरत नाहीत, पण तुम्ही तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला फिल्टरमधला तो स्विच सांगून बोलवा ना. एकजण आला तरी दिवस पुन्हा एकपासून मोजले जातील.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हजेरी लावायला मुलं बोलवायची? तपासणीला साहेब यायचे तेव्हा आमचे हेडमास्तर शेजारच्या शाळेतली पोरं आणून बसवायचे. मला तेव्हाही नाही आवडलं."

वर्गात मार खाल्ल्यासारखं वाटलं. मग ज्यासाठी आले होते त्या कामाला लागले. त्यांना विचारलं, अपडेटच्या आधी सर्चच्या वर एक स्विच आला होता, तो आठवतो का?

"तो होय? बंद केला मी."

"तुम्ही?"

"मग? 'चालू वस्तू दाखवा' लिहिलं होतं. मी म्हटलं, बरी सोय केली या लोकांनी. चालू वस्तू कोण बघणार? फालतू माल, दोन दिवसांत वाट लागणारा. मी तर गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं, बंद करा म्हणून."

मग मी हसायला लागले. थांबताच येईना. बाईंना आधी कळेना. मी समजावून सांगितलं तेव्हा त्याही हसल्या, पण मध्येच थांबल्या.

"म्हणजे माझ्या दुकानाचं शटर मीच ओढलं?"

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "पाटी लिहिणाऱ्याने."

झालं होतं ते असं. इंग्रजीत त्या स्विचवर जे होतं त्याचा अर्थ, 'सध्या विक्रीला असलेल्या रिसेल वस्तू दाखवा.' बटणात एवढं मावत नाही, म्हणून रिसेल गाळलं. 'सध्या विक्रीला असलेल्या'चं झालं 'चालू'. पुस्तकात बरोबर आहे. चालू वर्ष, चालू खातं. पण मुंबईत चालू माणूस कोण असतो, चालू माल कसा असतो, हे बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कुणालाही विचारा.

मुलुंडहून परत येताना मला भारी वाटत होतं. केस सुटली होती. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या अनुवाद एजन्सीने घोळ घातला, आणि परबांच्या पोरीने तो पकडला. सोमवारी निशांतला काय काय सुनवायचं याची वाक्यं मी मनात लावत होते.

सोमवारी सकाळी पुरावा म्हणून अनुवादाची शीट उघडली. अशा शीटमध्ये एका रांगेत इंग्रजी, शेजारी मराठी, आणि त्यापुढे तपासणाऱ्याची आद्याक्षरं असतात. दोनशे-सव्वादोनशे ओळी. 'चालू वस्तू दाखवा' सापडलं. एजन्सीने त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं आणि लिहिलं होतं, "हा शब्द योग्य वाटतो का?" त्यापुढे उत्तर: "हो. मस्त." आणि दोन अक्षरं.

एस. पी.

आमच्या टीममध्ये मराठी माध्यमातून शिकलेली मी एकटी. त्यामुळे मराठीची प्रत्येक शीट माझ्याकडे येते आणि मला त्याचा अभिमान आहे. माझं मराठी पक्कं, मी कशाला कुणाला विचारू? तो शब्द मला नुसता पास वाटला नव्हता, आवडला होता. का आवडला होता तेही आठवत होतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी बाबांच्या गाळ्यावर गेले.

ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटं. वार्निशचा वास कोपऱ्यावरूनच येतो. दाराशी तयार मोटरी रांगेने ठेवलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर खडूने बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: चालू. चालू. चालू. लहानपणी शाळा सुटल्यावर मी तिथेच बसून अभ्यास करायचे. जळकी मोटर यायची, आठवड्याने तिच्यावर 'चालू' लिहिलं जायचं आणि घेणारा खूश होऊन न्यायचा. माझ्यासाठी जगात त्याहून चांगला शेरा नव्हता. प्रगतिपुस्तकावर बाईंनी 'चालू' लिहिलं असतं तरी मी पेढे मागितले असते.

बाबांना सगळं सांगितलं. ते हातातली तार गुंडाळत ऐकत होते. मग हसले.

"अगो, हय चालू म्हणजे फिरता ती. भायर चालू म्हणजे फिरयता तो," ते मालवणीत म्हणाले. म्हणजे गाळ्यात चालू ती फिरते, बाहेर चालू तो दुसऱ्याला फिरवतो.

मी म्हटलं, मग काय लिहायला हवं होतं? 'चांगल्या वस्तू'?

त्यांनी मला एका मोटरीची दुसरी बाजू दाखवली. तिथे बारीक अक्षरात होतं: 'वाइंडिंग नवं. बेअरिंग बदललं. बॉडी जुनी.' आणि खाली मोटर मूळ कुठल्या कारखान्याची आणि कुणाकडून आली ते.

"मी कधी 'चांगली' असा लिवलंय? काय केलंय ता लिवतंय. चांगली का वायट ता गिऱ्हाईक ठरयतला."

मी फोटो काढायला फोन वर धरला. बाबा म्हणाले, माझा नको, मोटरीचा काढ.

परत आल्यावर निशांतला सगळं सांगितलं. अक्षरांसकट. तो खुर्ची माझ्याजवळ ओढून बसला. मग आवाज खाली करून म्हणाला की गुपचूप लेबल बदलून टाकू. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही.

"आणि डिफॉल्ट?"

"ते राहू दे ना यार. ते उघडायचं तर टेस्ट चुकली होती हे सांगावं लागेल. मग विचारतील, का चुकली. तुझं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे, शीतल."

त्याला माझं वाईट करायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण नुसतं लेबल बदलून काय होणार? तो स्विच आता तीन दारांआड होता. पाटी सुंदर रंगवायची आणि दुकान तळघरात ठेवायचं. बाईंच्या कॅलेंडरवर चौदा फुल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, मीटिंग लाव.

मीटिंगला कामत मॅडम होत्या. राहायला बोरिवलीला, बोलणं सरळ, समोरच्याला वेळ मोजून देणार. मी काही भाषण केलं नाही. जुन्या स्क्रीनचा फोटो भिंतीवर टाकला आणि त्यांना म्हटलं, मॅडम, हे फक्त वाचा आणि घरी फोनवर दिसलं तर काय कराल सांगा.

"चालू वस्तू दाखवा," त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. "चालू वस्तू? बंद करीन मी. कशाला दाखवताय?" आणि मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "अरे देवा. हे आपलं होतं?"

"आपलंच. याच्यावरून आपण ठरवलं की लोकांना रिसेल नको."

"पास कोणी केलं?"

"मी केलं, मॅडम."

निशांत लॅपटॉपमध्ये बघत होता. मी पुढे सांगितलं की का केलं. साकीनाका, मोटरी, खडू, सगळं. वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही. चूक माझी होती आणि पकडलीही मीच होती. दोन्हीची नोंद घ्यावी, असं मला सुलभाताईंसारखं म्हणावंसं वाटत होतं.

मॅडमनी एवढ्यावर सोडलं नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता आणि तो खोटा नव्हता. मेकर महिनाभर डोळे फोडून एक वस्तू बनवतो. साठेबाज वीस उचलतो आणि चढ्या भावाने विकतो. सर्च उघडलं की त्याच वीस वस्तू रांगेने, आणि मेकर खाली कुठेतरी. हे न्यायाचं आहे का? रिसेल पुन्हा उघडायचं म्हणजे तेच पुन्हा.

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. मी त्यांना 'चांदणी' बनवणाऱ्या मेकरचं नाव सर्चमध्ये टाकायला सांगितलं. मॅडमनी स्वतःच त्याला दुनियेत आणलं होतं, त्यांच्या टीमचा पहिला मोठा मेकर. त्यांनी नाव टाकलं. 'काहीही सापडलं नाही.'

त्यांनी नाव पुन्हा टाकलं. तेच उत्तर.

मी म्हटलं, त्याचे कंदील नवीन मिळत नाहीत, फक्त रिसेलमध्ये आहेत. आपण रिसेल लपवलं तेव्हा त्यालाही लपवलं. आणि 'फक्त नवीन' म्हणजे तरी काय? आपल्या दुनियेत कंदिलाचा कागद फाटत नाही, रंग उडत नाही. तिथे नवा आणि जुना यात एवढाच फरक, की मधे एक हात जास्त लागला.

मग माझी योजना सांगितली. तीन बाबी होत्या. काहीच न निवडता सर्च केलं तर सगळं दिसेल; स्विच परत वर येईल आणि त्यावर सरळ 'रिसेल वस्तू दाखवा' असेल. एकच वस्तू वीस जण विकत असतील तर वीस ओळी नाहीत, एकच ओळ. मेकरकडे शिल्लक असेल तर आत त्याचं नाव पहिलं. आणि कुठल्याही वस्तूवर 'नवीन', 'जुनी', 'चालू' असं काही लिहायचं नाही. फक्त दोन ओळी: बनवणारा अमुक, विकणारा तमुक. यावेळी बाबांच्या मोटरीचा फोटो दाखवला.

कामत मॅडमनी तो झूम करून वाचला. "बॉडी जुनी," त्या म्हणाल्या. "हे लिहितात ते? स्वतःहून?"

"हो."

"मग टेस्ट घ्या. आणि यावेळी सगळ्या भाषांत घ्या." दाराशी जाऊन त्या वळल्या. "आणि परब, यापुढे शीट एकटीने पास करायची नाही."

हा मला ओरडा होता. लेखीही आला, दोन ओळींचा. तो मी जपून ठेवलाय.

टेस्ट एक आठवडा चालली. पहिल्या चार दिवसांत मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही स्क्रीनवर एकच गोष्ट दिसत होती: बहुतेकांनी स्विचला हातच लावला नाही. खाली गेले, वस्तू बघितल्या, कुणी मेकरकडून घेतली, कुणी दुसऱ्याकडून. सेकंदांचे आकडे बघून निशांत म्हणाला, "लोक यावेळी पायरीवरून परत नाही फिरले." माझंच वाक्य होतं, पण मी सोडून दिलं.

नवीन डिफॉल्ट सगळ्यांसाठी सुरू झाला तो सुलभाताईंचा सव्विसावा दिवस होता. मी सकाळपासून त्यांच्या दुकानाचा आकडा उघडून बसले होते. अकरा वाजता शून्य. एक वाजता शून्य. निशांत दोनदा येऊन बघून गेला. जेवून आले तेव्हा आकडा तीन होता. संध्याकाळी घरी निघाले तेव्हा एकोणीस.

मी घरी पोचेपर्यंत पाचवा मेल आला होता.

"आज गिऱ्हाईक आलं. ओळखीचं कुणी नव्हतं, हे मुद्दाम कळवते. एक चांदणी गेली. दोन उरल्या, त्या विकणार नाही, वर टांगल्यात. बाकी तुम्ही येऊन बघावं."

स्टाफच्या खात्यावरून जाऊन बघितलं. दुकानात गर्दी होती. पदर खोचलेली बाहुली कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होती. वर दोन चांदण्या फिरत होत्या. आणि दारावर नवी पाटी होती, शाळेच्या फळ्यावर असतं तशा गोल अक्षरात:

'आमचे येथे सर्व कंदील चालू आहेत.'

बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "खरां लिवलांहा."

अप्रेझलमध्ये निशांतने माझ्या नावापुढे दोन गोष्टी लिहिल्या. एक चूक, आणि एक सुधारणा. दोन्ही त्याच शब्दाबद्दल. बढती पुढच्या खेपेला बघू म्हणाले. हरकत नाही. पण दुनियेत आज कुणीही, कुठल्याही भाषेत, काहीही शोधलं की आधी सगळं दिसतं, आणि प्रत्येक वस्तूखाली ज्या दोन ओळी येतात त्या साकीनाक्याच्या गाळ्यातून आल्या आहेत. हे लाखो फोनवर आहे. त्या खाली माझी अक्षरं नाहीत, पण मला माहीत आहे.

आता कुठलाही शब्द पास करण्याआधी मी तो ऑफिसबाहेरच्या दोन माणसांना वाचून दाखवते. एक मुलुंडला, एक साकीनाक्याला. दोघांनी एकच अर्थ सांगितला तर पास. वेगवेगळा सांगितला तर शब्द कापायचा आणि काय केलंय ते लिहायचं.

निशांतने विचारलं, या प्रोसेसला नाव काय देऊ? मी म्हटलं, काहीही दे. फक्त चालू देऊ नकोस.